तबकडी, काटा आणि शून्याची चूक
(जुन्या मोटारींच्या मापकांच्या दुरुस्तीविषयी)



ह्या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. माझा अधिकार त्या जातीचा नाही. माझे सारे आयुष्य स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा आणि डोळ्याला लावायचे भिंग ह्यांच्या संगतीत गेले. तेव्हा आयोजकांनी विषय विचारला, त्या वेळी मी सरळ सांगितले की मला मोटारीच्या डॅशबोर्डावरच्या मापकांविषयी बोलता येईल, दुसऱ्या कशाविषयी नाही. त्यांनी ते मान्य केले, ह्यात त्यांचा उदारपणा आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्या गुरुजींना मात्र हा विषय परका वाटला नसता. विज्ञानाच्या तासाला व्हर्नियर कॅलिपर हातात देताना ते आधी त्याची शून्याची चूक मोजायला लावीत आणि ती वहीत वरच्या ओळीत लिहायला लावीत. उपकरणात चूक असणे हा उपकरणाचा स्वभाव आहे, ती न लिहिणे हा आपला दोष आहे, अशी त्यांची शिकवण होती. माझ्या धंद्याला जेवढे तत्त्वज्ञान लागते तेवढे मला त्या एका तासात मिळाले.

आता विषयाकडे वळतो. मोटार चालविणाऱ्या माणसाला इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते दिसत नाही. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, टाकीतले पेट्रोल, बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह आणि वेग, ह्या पाच गोष्टी त्याला काट्यांकडून कळतात. गाडी पन्नास-साठ वर्षांची झाली की तिचे पत्रे, गाद्या, रंग ह्यांकडे मालक मोठ्या हौसेने लक्ष देतो. मापके मात्र बहुधा शेवटी राहतात. कारण ती बंद पडली तरी गाडी चालते. असा बंद काटा मला धोक्याचा वाटत नाही, कारण तो बंद आहे हे सर्वांना दिसते. चुकीचा आकडा ठामपणे दाखविणारा काटा अधिक धोक्याचा असतो.

आपल्या भागात हा विषय थोडा निराळ्या वळणाने आला. मुक्तीपूर्व काळात, विशेषतः १९५४-५५च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यानंतर, मुरगांव बंदरातून परदेशी माल मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. त्याच सुमारास लोहखनिजाच्या निर्यातीचा पैसाही खेळू लागला होता. त्यामुळे घाटापलीकडे ज्या जर्मन आणि ब्रिटिश गाड्या क्वचितच दृष्टीस पडत, त्या आपल्याकडे भाटकारांच्या आणि खाणमालकांच्या दारात उभ्या राहिल्या. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयातीचे कडक नियम येथेही लागू झाले. ते योग्यच होते. पण त्यामुळे ह्या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. म्हापशाच्या, मडगांवच्या गॅरेजांतील मिस्त्रींची जी हिकमत आपण ऐकत आलो, तिचे मूळ ह्या टंचाईत आहे. एका गाडीचा काटा दुसरीच्या तबकडीवर आणि तिसरीचे चक्र पहिलीच्या पेटीत, असे संसार तेव्हापासून लागले. आज त्यांतले एखादे मापक उघडले की त्या मिस्त्रीचे कौतुकही वाटते आणि डोकेही दुखते.

ह्यात आणखी एक गंमत आहे. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली, तरी शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे गोव्यात डावी बाजूच कायम राहिली. मोजमापाचे मात्र तसे नव्हते. पोर्तुगीज राज्यात मेट्रिक पद्धती होती, तर पत्रादेवीच्या पलीकडे मैलाचे दगड होते. भारतातही १९५६च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने किलोमीटर आले. पण मैलाच्या तबकड्या असलेल्या गाड्या पुढे कित्येक वर्षे धावत राहिल्या. म्हणून आमच्या पेडणे महालात दुरुस्तीला येणारे स्पीडोमीटर कधी मैलाचे, कधी किलोमीटरचे, आणि कधी, म्हणजे सर्वांत त्रासाचे, मैलाच्या यंत्रावर किलोमीटरची तबकडी चिकटविलेले असे असते.

ही भानगड समजण्यासाठी स्पीडोमीटर कसा चालतो ते पाहू. ओटो शुल्झे ह्या अभियंत्याने १९०२ साली ज्याचे पेटंट घेतले, ते तत्त्व जवळजवळ संपूर्ण विसाव्या शतकात टिकले. गिअरबॉक्समधून एक लवचीक केबल निघते आणि स्पीडोमीटरच्या मागे एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती, त्याला न टेकता, अॅल्युमिनियमची एक वाटी असते. अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण फिरत्या चुंबकामुळे त्या वाटीत आवर्त विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्या ओढीने वाटी चुंबकाच्या दिशेने फिरू पाहते. तिला केसासारखी एक बारीक स्प्रिंग मागे ओढून धरते. चुंबकाची ओढ आणि स्प्रिंगचा अडसर जेथे समतोल होतात, तेथे काटा थांबतो. चुंबक आणि वाटी ह्यांच्यात स्पर्श नाही, दोघांना जोडणारा धागादोरा नाही, तरी एक दुसऱ्याला सांगतो. चाळीस वर्षे हे काम करूनही मला ह्यातले नवल वाटायचे थांबलेले नाही.

काळ ह्या समतोलावर दोन्ही बाजूंनी काम करतो. चुंबक वर्षानुवर्षांनी क्षीण होतो. मग काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवितो. स्प्रिंग शिथिल झाली तर तो जास्त दाखवितो. जास्त दाखविणाऱ्या काट्याने फार तर उशीर होईल, पण कमी दाखविणारा काटा घाटाच्या वळणावर माणसाला फसवितो. म्हणून नुसते तेल-पाणी करून, काच पुसून स्पीडोमीटर परत देणे मला मान्य नाही. तो तपासला पाहिजे. ह्याची रीत सोपी आहे. जुन्या ब्रिटिश तबकड्यांवर खालच्या बाजूस बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. तो म्हणजे एका मैलाला केबलचे किती फेरे. जर्मन तबकड्यांवर त्याच अर्थाचा, पण किलोमीटरचा आकडा असतो. समजा, आकडा १००० आहे. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. म्हणजेच यंत्र मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरविले असता काटा बरोबर ६०वर यावा. ड्रिल मशीन, फेरे मोजण्याचे एक भरवशाचे साधन आणि थोडा संयम, एवढ्यावर हे होते. गुरुजींच्या प्रयोगशाळेत ह्याहून जास्त साहित्य होते.

आता त्या चिकटविलेल्या तबकडीकडे परत येऊ. मैलाच्या यंत्रावर कोणी किलोमीटरची तबकडी बसविली, तर काटा जेथे ६० दाखवितो तेथे गाडीचा खरा वेग सुमारे ९६ किलोमीटर असतो. आकडे नवे, देखणे, पण सांगणे खोटे. आणि त्याच पेटीतली अंतर मोजणारी आकड्यांची चाके तरीही मैलच मोजत असतात, कारण त्यांचे दंतचक्र कोणी बदललेले नसते. ज्याला किलोमीटरच हवे असतील, त्याने दंतचक्राचे प्रमाणही बदलावे. नाहीतर मैल तसेच ठेवून तबकडीच्या कडेला किलोमीटरची दुसरी, बारीक पट्टी लिहून घ्यावी. मी दुसरा मार्ग सुचवितो. त्यात जुने काही पुसले जात नाही.

केबलविषयी एक सूचना, कारण ह्या सभागृहात जुनी गाडी घरी असलेले बरेच जण दिसतात. काटा थरथरतो म्हणून केबलीत भरपूर तेल घालण्याची आपल्याकडे सवय आहे. फिरत्या केबलीवरून ते तेल हळूहळू वर चढते आणि थेट त्या वाटीपर्यंत पोचते. डिचोलीकडच्या गाड्यांत त्या तेलात खाणीची तांबडी धूळ मिसळून त्याचे जे काय होते, त्याला चिखल म्हणणे चिखलाचा अपमान आहे. वाटी मग चुंबकाला चिकटल्यासारखी होते आणि काटा एकदम शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळतो. केबलीला पातळ ग्रीस लावावे, वरचे वीतभर टोक कोरडे ठेवावे, आणि केबल कोठे दुमडली आहे का ते आधी पाहावे. थरथरण्याचे कारण बहुधा तेथेच सापडते.

पाण्याच्या उष्णतेचे मापक हा त्याहून नाजूक मामला आहे. जुन्या गाड्यांत ते विजेवर चालत नाही. इंजिनात एक लहान बल्ब, त्यातून निघालेली केसाएवढी पोकळ तांब्याची नळी, आणि डॅशबोर्डामागे अर्धगोल वळविलेली एक चपटी नळी, असा तो बंदिस्त संसार असतो. बल्बमध्ये ईथर भरलेले असते. पाणी तापले की ईथरच्या वाफेचा दाब वाढतो आणि ती चपटी नळी किंचित उलगडते. तेवढ्या हालचालीवर काटा फिरतो. ह्या नळीचे पेटंट यूजेन बूर्दाँ ह्या फ्रेंच यंत्रकाराने १८४९ साली घेतले. वाफेचा दाब उष्णतेबरोबर सारख्या प्रमाणात वाढत नाही, उत्तरोत्तर भरभर वाढतो. म्हणूनच ह्या तबकडीवरचे खालचे आकडे दाटीने आणि वरचे ऐसपैस असतात. नवी तबकडी लिहिणाऱ्या कित्येकांनी ते आकडे 'नीट', सारख्या अंतरावर मांडून ठेवलेले मी पाहिले आहेत. सौंदर्यदृष्टी होती, पण भौतिकशास्त्र नव्हते.

ही बारीक नळी कोठे तुटली की ईथर उडून जाते आणि काटा कायमचा निजतो. दुरुस्तीचा एक जुना मार्ग आहे: दुसऱ्या निकामी मापकाचा शाबूत बल्ब आणि नळी घेऊन जुन्या पेटीशी जोडायची. जोडताना तो बल्ब बर्फ-मिठाच्या भांड्यात बुडवून ठेवतात, म्हणजे आतले ईथर थिजल्यासारखे शांत राहते आणि नळी कापली तरी उसळत नाही. ईथर पस्तीस अंशांच्या आतच उकळते, म्हणजे आपल्या वैशाखातल्या दुपारी ते आपण होऊनच उकळेल. शिवाय त्याची वाफ ठिणगीने भडकते, आणि येथे तर डाक देण्यासाठी तापलेले खड्ग हातात असते. हे काम घरी करू नये, आणि ज्याला शिकायचे आहे त्याने उघड्या हवेत, जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिकावे. दुरुस्तीनंतरची परीक्षा मात्र कोणालाही घेता येते. बल्ब उकळत्या पाण्यात धरला की काटा १००वर, फॅरनहाइटची तबकडी असेल तर २१२वर यावा. पेडण्यात तो यायलाच हवा. आंबोलीस, सुमारे ६९० मीटर उंचीवर, पाणी दोन-सव्वादोन अंश आधीच उकळते. तेथे परीक्षा घेणाऱ्याने ही वजाबाकी विसरू नये.

पेट्रोलचे मापक सर्वांत बदनाम. टाकीत एक तरंगणारे डबडे, त्याला जोडलेली विद्युत्‌रोधाची पट्टी, आणि डॅशबोर्डावर काटा. ह्यातले नव्वद दोष मापकाचे नसतातच, अर्थिंगचे असतात. टाकीचा पत्रा आणि गाडीचा सांगाडा ह्यांच्यामधल्या गंजाला काटा बिचारा काय करणार? आधी तार घासून पाहावी, मग मापक उघडावे.

हवेचा उल्लेख केल्यावाचून आपल्या भागात हा विषय पुरा होत नाही. मोरजी-हरमलकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस ह्यांमुळे पितळेवर हिरवा कळंक, पोलादी कड्यांवर गंज आणि तबकडीच्या रंगावर बुरशी, असे तिहेरी संकट येते. काचेखालचे रबर आटले की दमट हवेला वाट मोकळी होते. मी पावसाळ्यात मापके उघडतो, साफ करतो, तपासतो. पण शेवटचे कडे बसवून ती बंद करण्याचे काम शक्यतो दिवाळीनंतर करतो. श्रावणात बंद केलेल्या पेटीत श्रावणच कोंडला जातो आणि थंडीच्या पहाटे काचेच्या आतून दव धरते.

तबकडीवरचे लेखन ही स्वतंत्र कला आहे. बुरशी पुसताना ओल्या बोळ्याने आकडेही निघून येतात, हे दुःख पुष्कळांनी अनुभवले असेल. कोरड्या, मऊ कुंचल्याने जेवढे निघेल तेवढेच काढावे. आकडा अर्धा गेला असेल तर अर्धाच भरावा. पूर्वी आपल्याकडे दुकानांचे फलक रंगविणारे पेंटर असत; त्यांचा हात तबकडीवरही चाले. संगणकावर कापलेल्या अक्षरांनी त्यांचा धंदा गेला. आता पडद्यावर छापलेली नवी तबकडी सहज मिळते आणि ती सुबकही असते. पण मूळ अक्षरांचे वळण कारखान्याचे असते. '३'चा माथा चपटा की गोल, एवढ्यावरून जाणकार मापकाचे घराणे ओळखतो.

एका बाबतीत मात्र साफसफाईचा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रात्री दिसावेत म्हणून काही तबकड्यांचे आकडे रेडियम मिसळलेल्या रंगाने रंगवीत. घड्याळे, विमानांची उपकरणे आणि युद्धकाळातील लष्करी वाहने ह्यांत हा रंग आढळतो. अमेरिकेत न्यू जर्सी येथे असे आकडे रंगविणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करीत, आणि त्यांतल्या अनेक जणी हाडांच्या भयंकर आजाराने गेल्या. १९२८ साली त्यांचा खटला तडजोडीने मिटला, तेव्हा जगाला हे कळले. आज तो रंग अंधारात चमकत नाही, म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. चमकणारा असतो तो झिंक सल्फाइड, आणि तो काही वर्षांत थकतो. रेडियम अर्धे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणजे दिवा विझला आहे, पण निखारा तसाच आहे. असे आकडे पिवळट-तपकिरी, जाडसर आणि भेगाळलेले दिसतात. ते खरवडू नयेत, त्यांवर फुंकर मारू नये, काच उघडू नये.

आता ज्या प्रश्नामुळे मला हा विषय येथे मांडावासा वाटला त्याकडे येतो. गिऱ्हाईक मापक घेऊन येते आणि जाता जाता म्हणते, 'आकडे शून्यावर आणून द्या, गाडी नवी केली आहे ना!' ह्यात बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. नव्या रंगाशी शोभावेत म्हणून शून्ये हवी असतात. पण विकायच्या गाडीचा मीटर मागे फिरविणे ही फसवणूक आहे हे ज्याला कळते, त्याला हेही कळायला हवे की कारण बदलले तरी कृती तीच राहते. अंतराचा आकडा हा त्या गाडीचा जबाब आहे. तो गाडीने दिला आहे, मालकाने नव्हे, आणि मिस्त्रीने तर नव्हेच. पाच चाकांचा आकडा एक लाखानंतर आपण होऊनच शून्यावर येतो; ते शून्य कष्टाचे असते, त्याला माझी हरकत नाही.

म्हणून माझ्याकडे एक नियम आहे. मूळ आकडा होता तसाच ठेवायचा. यंत्रच बदलावे लागले तर जुना आकडा, तारीख आणि काय बदलले ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पेटीच्या आत, मागच्या बाजूस ठेवायची. जुने घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूस दुरुस्तीची खूण कोरीत असत. ही त्यांचीच रीत आहे. ह्या नियमामुळे गिऱ्हाइके गेली, हेही सांगितले पाहिजे. एकाने तर गावभर सांगितले की ह्याला साधा मीटर शून्यावर आणता येत नाही.

हा प्रश्न आता केवळ मिस्त्रीच्या नीतीचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये नियम करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या खाजगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे; आणि अशी गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६०च्या दशकात बाहेर पडलेली फियाट, जी आपल्यापैकी कोणाच्या तरी मांगरात कोंबड्यांना आसरा देत उभी असेल, ती ह्या व्याख्येत बसू शकते. बसेल की नाही, ते 'मूळ स्वरूप' ह्या दोन शब्दांवर ठरेल. पत्रा बदललेला चटकन ओळखू येत नाही. पण तबकडी, तिच्यावरचा फेऱ्यांचा आकडा आणि आतले दंतचक्र ह्यांचा मेळ बसतो की नाही, हे जाणत्याला दहा मिनिटांत कळते. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिच्यात असे म्हटले आहे की नवा भाग जुन्याशी शोभून दिसावा, पण नवा म्हणून ओळखूही यावा. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपली ट्यूरिनची सनद ह्याच वाटेने केली. आमच्या धंद्यातली ती चिठ्ठी त्याहून वेगळे काय सांगते?

आपल्या मोपाच्या सड्यावर आज मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे. ५ जानेवारी २०२३पासून तेथून विमाने उडू लागली. त्या विमानांच्या चालकांसमोर आता काटे नसतात, काचेचे पडदे असतात. तरी तेथेही, मुख्य पडदे गेले तर, उंची, वेग आणि विमानाचा कल सांगणारे एक राखीव उपकरण जवळ ठेवलेलेच असते. आपल्या गावची पुष्कळ मुले ह्या विमानतळाच्या आधाराने टॅक्सीच्या धंद्यात आली आहेत. त्यांच्या गाड्यांत केबल नाही, वाटी नाही, चुंबक नाही. आकडा पडद्यावर उमटतो आणि तो बदलायला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही. सड्यावर ज्यांच्या काजूच्या बागा होत्या, त्यांच्या मुलांनी मीटर दुरुस्तीला बसावे असे मी म्हणणार नाही. त्यात पैसा नाही. परंतु दोन-तीन मुले जरी शिकायला आली, तरी माझ्याजवळची ड्रिलची मांडणी, सुटी दंतचक्रे आणि तबकड्यांच्या मापांच्या वह्या मी शाळेच्या प्रयोगशाळेला द्यायला तयार आहे. मुख्याध्यापकांशी तसे बोलणे झाले आहे. शनिवारी दुपारी दोन तास मी स्वतः येईन.

व्हरांड्यातल्या टेबलावर सात मापके मांडून ठेवली आहेत. सहा हातात घेऊन पाहावीत, उघडावीत, काटे फिरवून पाहावेत. सातवे एका जुन्या जीपचे आहे, ते काचेच्या बरणीत ठेवले आहे. त्या बरणीचे झाकण कृपया कोणी उघडू नये.